माशाचा आजा कोण?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा आठवीला विषय होता, 'समुद्रात तगेल असा काल्पनिक मासा तयार करा.' सूचनापत्रकातली तिसरी ओळ अशी : 'माशाच्या अंगी जास्तीत जास्त अनुकूलने दाखवावीत.' या एका ओळीवरून विज्ञानाच्या बाई आणि ड्रॉइंगचे सर यांची जुंपली. परीक्षक तीन. तिसरा मी, मराठीचा. म्हणजे दोघांची मतं फुटली तर पारडं फिरवण्यापुरता.

बाई मूळच्या सातारच्या, प्राणिशास्त्रात एमएस्सी. सरांचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. वडिलांची डोल जाळ्याची होडी होती, आई अजून बाजारात बसते. वाद पुस्तक विरुद्ध अनुभव असा होईल असं मला वाटलं होतं. तसा तो झाला नाही, म्हणून तर लिहून काढतो आहे.

शेवटी दोन चार्ट उरले. एक 'शार्कोझॅप'. राहण्याची खोली दहा हजार मीटर. डोक्यावर दिवा, शेपटीत विजेचा झटका, पाठीवर विषारी काटे, पोटात शाईची पिशवी, बाजूला उडायचे पंख, वर रंग बदलण्याची सोय. खवल्यांना चमकी लावलेली, प्रत्येक अवयवाला स्केचपेनचा बाण. दुसरा चार्ट कोपऱ्यात. खडूने काढलेला मळकट तपकिरी मासा, तोंड तेवढं मोठं, आणि खाली दोनच वाक्यं : 'हा मासा दिवसभर काही करत नाही. कारण तिथे हवा कमी आहे.'

बाई : पहिला नंबर शार्कोझॅपचा. प्रत्येक बाणापाशी आधी गरज लिहिली आहे, मग अवयव. अंधार आहे, म्हणून दिवा. शत्रू आहेत, म्हणून काटे. मी वर्गात घसा फोडून जे सांगते ते या पोराच्या डोक्यात उतरलंय.

सर : उतरलंय. पण हा मासा नाही झाला बाई, हे रुखवत झालं. सगळं मांडून ठेवलंय, संसार कुठे दिसत नाही.

बाई : काल्पनिक मासा आहे सर.

सर : काल्पनिक असला तरी भूक लागेलच की. दिवा जाळायचा, वीज करायची, विष करायचं, रंग बदलायचा. एवढं चालवायला हा खातो काय?

बाई : 'लहान मासे' लिहिलंय.

सर : दहा हजार मीटरवर?

बाई : तिथे मी गुण कापलाय. तेवढ्या खोल मासाच नसतो.

मला वाटलं होतं, समुद्राला तळ आहे तिथपर्यंत मासे असणारच. तसं नाही. आजवर सर्वांत खोल दिसलेला मासा ८,३३६ मीटरवरचा, स्नेलफिशच्या जातीचा. जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत २०२२ साली तो कॅमेऱ्यात सापडला. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे त्या माशाच्या अंगावर आठशेहून अधिक वातावरणांचा दाब. अशा दाबाखाली शरीरातल्या प्रथिनांच्या घड्या बिघडतात. त्या सावरण्यासाठी मासे अंगात एक रसायन साठवतात, ट्रायमिथिलअमाईन ऑक्साईड. जितकी खोली जास्त तितका साठा जास्त. एरवी हाडं असलेल्या समुद्री माशाचं रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा बरंच कमी खारट असतं. हे रसायन वाढत गेलं की ते अंतर मिटत जातं आणि ८,२०० ते ८,४०० मीटरच्या आसपास संपतं. त्याच्याही खाली उतरायचं तर बाहेरचं पाणी अंगात घुसायला लागेल. दाबाने चिरडायच्या आधी मासा पाण्याच्या हिशेबात हरतो.

बाई : आणि सर, तुमच्या ओळखीचं रसायन आहे ते. मासळी शिळी झाली की जिवाणू त्याचीच मोडतोड करतात. तो जो वास येतो ना, तो त्याचा.

सर : म्हणून नदीच्या माशाला तो वास नसतो? चिखलाचा येतो, पण हा नाही.

बाई : गोड्या पाण्यातल्या माशात ते फार थोडं असतं, म्हणून.

सर जरा वेळ गप्प बसले. लहानपणी शाळेत त्यांच्या दप्तराला याच वासावरून नावं ठेवत असत, हे त्यांनी मागे एकदा सांगितलं होतं. आता बोलले नाहीत. मी चार्टवरचा 'दहा हजार' पेन्सिलने खोडला.

सर : मग माझं म्हणणं हेच आहे. खाली जायला त्या माशाने काहीतरी मोजलं. दिव्याला या पोराने काय मोजलं? झटक्याला काय मोजलं? विजेचं तर मला मुळातच पटत नाही, खाऱ्या पाण्यात ती धरून ठेवणार कशी?

बाई : ठेवतात. समुद्रातही विजेचे मासे आहेत, पाकटासारखे चपटे. पण तुमची शंका बरोबर आहे. ॲमेझॉनच्या नदीतल्या विजेच्या माशाचा दाब काही शे व्होल्टचा असतो, कारण गोडं पाणी वीज सहज वाहू देत नाही. खारं पाणी देतं, म्हणून समुद्रातला मासा व्होल्ट कमी आणि प्रवाह जास्त अशी मांडणी करतो. शेवटी परिसर सांगेल तसं यंत्र.

सर : परिसराने सांगितलं, पण पैसे कुणी दिले? आमच्याकडे शिंगाळा येतो. त्याचा नर अंडी तोंडात धरून फिरतो, गोट्यांएवढी अंडी, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. आई असा शिंगाळा चिरते तेव्हा तोंड भरलेलं असतं आणि आतडं रिकामं, दोरीसारखं बारीक. पोरं राखायची तर जेवण बंद. पोरांच्या चार्टवर असं एक तरी 'बंद' दाखवा मला.

बाई : मी तुम्हाला त्याहून मोठं दाखवते. अंटार्क्टिकाजवळच्या पाण्यात बर्फमासे आहेत, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. रक्त पाण्यासारखं. इतक्या थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, त्यामुळे नुसत्या रक्तरसावर भागतं. हे परिसराशी जुळवून घेणं नाही तर काय?

सर : आणि त्यांचं काळीज?

बाई : (थांबून) मोठं असतं. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या माशापेक्षा बरंच मोठं. रक्तही जास्त असतं, सतत ढकलावं लागतं.

सर : म्हणजे रक्तात वाचवलं ते काळजात घातलं.

इथे मला सरांना एक गुण द्यावासा वाटला. पण बाई हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांचा खरा मुद्दा पुढेच होता : तुम्ही पोरांच्या कल्पनेला अतिशयोक्ती म्हणता, पण समुद्र त्याहून अतिशयोक्त आहे.

बाई : मॅक्रोपिना म्हणून एक मासा आहे, पॅसिफिकमध्ये, सहाशे-आठशे मीटर खोल. त्याचं डोकं पारदर्शक आहे. काचेच्या घुमटासारखं, आतून दोन हिरवे नळीदार डोळे वर बघतात. १९३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, पण त्यात घुमटच नव्हता, कारण जाळ्यातून वर येताना तो फाटून जायचा. डोळे कायमचे वरच रोखलेले आहेत असंच सगळे समजत होते. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरातल्या संशोधकांनी खोल पाण्यातल्या यंत्राने त्याला जिवंत पाहिलं तेव्हा कळलं की घुमट आहे आणि डोळे आतल्या आत फिरतात. हा मासा आठवीच्या पोराने काढला असता तर तुम्ही नापास केला असता सर.

सर : केला असता. आणि विचारलं असतं, घुमट कशाला. त्याला सांगता आलं असतं तर पास.

बाई : बहुधा दुसऱ्याचं अन्न पळवताना डंख लागू नयेत म्हणून. तंतूंनी डंख मारणाऱ्या जेलीसारख्या वसाहती असतात, त्यांनी पकडलेली शिकार तो चोरतो असा अंदाज आहे.

सर : मग पास.

पुढचा मासा सरांनी आणला, आणि तो आणायचा हक्क ड्रॉइंगच्या माणसालाच होता. विल्यम बीब हा अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ १९३०च्या दशकात बर्म्युडाजवळ एका पोलादी गोळ्यात बसून समुद्रात उतरायचा. गोळा जेमतेम पावणेपाच फूट व्यासाचा, सोबतीला गोळ्याचा निर्माता ओटिस बार्टन. १५ ऑगस्ट १९३४ या दिवशी ते दोघे ९२३ मीटरवर पोचले. तोवर कुणी जिवंत माणूस तिथे गेला नव्हता. खिडकीतून जे दिसेल ते बीब टेलिफोनवर सांगायचा, वर जहाजावर ग्लोरिया हॉलिस्टर लिहून घ्यायची. मग एल्से बॉस्टेलमन ही चित्रकार त्याच्या वर्णनावरून मासे रंगवायची.

सर : त्या बाईने न पाहिलेले मासे काढले. मला तिच्याबद्दल फार वाटतं. बीब म्हणणार, सहा फूट लांब, अंगावर निळसर दिव्यांची ओळ, खाली दोन लोंबते तंतू, त्यांच्या टोकाला दिवे. आणि हिने कागदावर तो मासा उभा करायचा.

बाई : बाथिस्फेरा इंटॅक्टा. १९३२ सालचा. नमुना हातात नसताना नाव देऊन मोकळा झाला.

सर : आणि तो मासा पुन्हा कुणाला दिसला नाही.

बाई : मत्स्यतज्ज्ञ कार्ल हब्सने तेव्हाच शंका काढली होती की तो मासाच नसेल, चमकणारा जेलीसारखा प्राणी असेल आणि श्वासाने धूसर झालेल्या काचेतून त्याचे दिवे पसरट दिसले असतील.

सर : म्हणून सांगतो, दिवे लावणं सोपं आहे. अंधारात दिवा दिसला की आपण त्याच्याभोवती मासा काढतो.

बाई : सर, पण बीब आपल्या डोळ्यांनी बघत होता. त्याची चूक झाली असेल, तरी अंधारात दिवे असतात हे त्याचं म्हणणं खोटं ठरलं का? उलट, हाडं असलेल्या समुद्री माशांत स्वतःचा उजेड करण्याची सोय निरनिराळ्या कुळांत किमान २७ वेळा स्वतंत्रपणे तयार झाली, असं २०१६ सालच्या एका अभ्यासात दिसलं. एकमेकांशी नातं नाही, तरी तेच उत्तर. का? कारण अंधार तोच. म्हणून मी पोरांना सांगते, आधी परिसर वाचा, मासा आपोआप निघेल. कुपा घ्या आणि माको शार्क घ्या. एक हाडांचा, एक कूर्चेचा, दोघांची घराणी फुटून चाळीस कोटी वर्षं होऊन गेली. दोघांचं अंग चातीसारखं निमुळतं, शेपटी चंद्रकोरीसारखी, पोहण्याचे स्नायू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम. मोकळ्या समुद्रात लांब अंतर वेगाने कापायचं तर हाच आकार. समुद्राने दोघांना एकाच साच्यात घातलं.

सर : डॉल्फिनलाही घातलं?

बाई : घातलं की. तोच आकार.

सर : मग त्याची शेपटी आडवी का? कुपाची उभी, शार्कची उभी. डॉल्फिन शेपूट वर-खाली मारतो.

बाई : तो सस्तन प्राणी आहे. पूर्वज जमिनीवर चार पायांनी धावायचे, धावताना कणा वर-खाली वाकायचा, तोच कणा घेऊन तो पाण्यात...

बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. सर चार्टच्या पाठीमागे पेन्सिल फिरवू लागले होते. त्यांनी दोन चपटे मासे काढले, एक पाकट आणि एक लेप.

सर : दोघंही तळाच्या वाळूवर पडून राहतात. परिसर एक, धंदा एक. पाकटाचा आजा मुशी. मुशी मुळातच पोटावर टेकणारी, तिला वरून दाबलं की पाकट. दोन्ही डोळे वर, तोंड खाली, सगळं जागच्या जागी. लेपाचा आजा पापलेटासारखा बाजूंनी दाबलेला. त्याला तळाशी जायचं तर एका कुशीवरच पडावं लागलं. आता खालचा डोळा वाळूत. मग काय केलं? डोळाच वर आणला. आई लेप सोलते तेव्हा तुम्ही बघा, वरची बाजू मातकट, खालची पांढरी फटक, आणि तोंड अजून वाकडंच. नवा मासा करायला बसला असता कुणी तर असा केला असता का?

बाई : जन्मतः त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. पिल्लू वाढताना एक डोळा कवटीवरून पलीकडे सरकतो.

सर : तेच म्हणतो. आजा अजून त्याच्यात आहे.

या डोळ्याने डार्विनलाही घाम फोडला होता. १८७१ साली सेंट जॉर्ज मिव्हार्टने विचारलं, अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा उपयोग काय? डार्विनने पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण पुरावा आला तो २००८ साली, जेव्हा मॅट फ्रीडमन या संशोधकाने जुनेच जीवाश्म पुन्हा तपासले. इटलीतल्या मॉन्टे बोल्काचे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे मासे, वाढ पूर्ण झालेले, आणि डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर. मला या भागात बाईंचा आवाज बदललेला जाणवला. त्या सरांचं म्हणणं नाकारत नव्हत्या, वजन किती द्यायचं यावर अडल्या होत्या. जीवशास्त्रातच हा तंटा आहे म्हणे. स्टीफन जे गूल्डने १९८९च्या पुस्तकात म्हटलं की सजीवांचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून चालवला तर वेगळेच प्राणी निघतील. सायमन कॉनवे मॉरिसने त्याच्या अगदी उलट बाजू घेतली, वाटा वेगळ्या असल्या तरी उत्तरं फिरून तीच येतात.

बाई : ठीक आहे. तुमच्या पद्धतीने करून बघू. कोपऱ्यातला चार्ट घ्या. 'तिथे हवा कमी आहे.' हे पोरगं कुठे बोललंय माहिती आहे का? आपल्याच समुद्रात. अरबी समुद्रात दीडशे-दोनशे मीटरपासून खाली हजार मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. त्या थराच्या गाभ्यात वरच्या पाण्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. जगातल्या सर्वांत जाड अशा थरांपैकी एक.

सर : का म्हणून?

बाई : उत्तरेला जमीन, म्हणजे थंड ताजं पाणी तिकडून येत नाही. पावसाळ्यातले वारे खालचं खतासारखं पाणी वर काढतात, वर सूक्ष्म जीव बेसुमार वाढतात, मरून खाली पडतात, आणि ते कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी तर हे कमी हवेचं पाणी आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ भागापर्यंत सरकतं. गोव्याच्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या पाण्यात हे कितीतरी वर्षं मोजते आहे. तर आता तीनशे मीटरवर राहणारा मासा करा. आजा तुम्ही निवडा.

सर : बोंबील.

बाई हसल्या. पण सर गंभीर होते, आणि मला वाटतं ही निवड झकास होती. बोंबील हातात घेतला तर जेलीसारखा लिबलिबतो. अंगात बहुतेक पाणीच. हाडं बारीक. वर्सोव्याला बांबूच्या वलांडीवर तो सुकत घालतात तेव्हा दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवरून टाकतात. गाठ नाही, काही नाही. दात आत वळलेले असल्यामुळे जबडा जबड्यातून सुटत नाही. तोंडात गेलेलं बाहेर येऊ नये, यासाठीच ते दात. आणि बाईंनी भर घातली की बोंबलाच्या लांबच्या गोतावळ्यात, म्हणजे त्याच्या गणात, खोल समुद्रातले कितीतरी मासे आहेत, आणि या गणातल्या माशांना पोहण्याची हवेची पिशवीच नसते.

सर : बघा, म्हणजे वर-खाली करताना पिशवी फुगायची-दबायची भानगड नाही. अंग पाणीदार, मांस कमी, म्हणून हवा कमी लागते. अर्धं काम बापजाद्यांनीच करून ठेवलं. आता कल्ले मोठे करू.

बाई : कल्ले मोठे केले की पाण्याशी संपर्क वाढतो, म्हणजे मीठ आत घुसतं, ते बाहेर फेकायला ताकद लागते. शिवाय डोक्यात जागा कल्ल्यांना दिली तर जबडा कुठे बसवणार?

सर : जबडा नाही सोडायचा. कल्ले बेताचे.

बाई : मग रक्त बदला. प्राणवायू घट्ट पकडणारं हिमोग्लोबिन. पण जे घट्ट पकडतं ते सहज सोडत नाही. स्नायूंना थेंब थेंब मिळणार.

सर : चालेल. हा धावणार नाही.

बाई : मग खाणार कसा? दिव्यांचे छोटे मासे, कंदीलमासे, दिवसा याच थरात लपतात आणि रात्री वर जेवायला जातात. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या ध्वनियंत्रांना त्यांच्या अशा थव्यांनी फसवलं होतं. समुद्राचा तळ संध्याकाळी वर येतो की काय असं वाटायचं. तुमचा बोंबील त्यांच्यामागे रोज दोनशे-तीनशे मीटर चढेल? या लिबलिबीत अंगाने?

सर : मागे कशाला जातो? ते दिवसातून दोनदा त्याच्या तोंडासमोरूनच जातात. सकाळी उतरताना, संध्याकाळी चढताना. हा वाटेत तरंगत राहील. एक लागला की झालं.

बाई : आणि पचवणार कसा? पचनाला प्राणवायू लागतो सर. मोठा घास गिळला की शरीराची मागणी वाढते, आणि तीनशे मीटरवर ती पुरी व्हायची नाही.

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यावर दोघंही अडले. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मासा जिथे सुरक्षित आहे तिथे त्याला जेवता येत नाही. जिथे जेवण पचेल तिथे त्याला खाणारे हजर. कुपा-सुरमईसारख्या दमदार माशांना भरपूर हवा लागते, ते या थरात फार वेळ थांबू शकत नाहीत, म्हणून तर हा थर आसरा आहे. थोड्या वेळाने सरांनीच वाट काढली : लहान घास गिळेल, आणि जेवल्यावर रात्रीच्या अंधारात शंभरेक मीटर वर तरंगत येईल, पचवेल, उजाडायच्या आत खाली. रोज नाही, जेवेल त्या दिवशी. बाईंनी पोटाखाली मंद निळसर उजेडाची पट्टी मागून घेतली, म्हणजे खालून पाहणाऱ्याला वरच्या फिकट उजेडावर त्याची सावली दिसणार नाही. त्याच गणातल्या काही माशांना पोटाशी तसा उजेड आहेच, त्यामुळे सरांनाही हरकत घेता येईना. म्हणजे शेवटी याला दिवा मिळालाच, पण डोक्यावर नाही, आणि दिसण्यासाठी नाही.

बाई : म्हाकूल विसरलात. या समुद्रातलं मोठं म्हाकूल या हवेवाचूनच्या थरातही उतरतं. ते खाईल याला.

सर : खाऊ दे. काही मेलेच पाहिजेत. पण अंधारात याला बायको कुठून मिळणार?

स्टाफरूममध्ये हा प्रश्न जरा मोठ्याने विचारला गेला. दारातून डबा घेऊन जाणारा शिपाई वळून बघून गेला. बाईंनी शांतपणे सांगितलं की बोंबलाच्या या खोल पाण्यातल्या भाऊबंदांत नर आणि मादी एकाच देहात असणं सर्रास आहे. कुणीही भेटलं तरी चालतं. सर म्हणाले, आठवीच्या चार्टवर हे नको. बाई म्हणाल्या, नेमकं हेच हवं, अनुकूलन अनुकूलन म्हणतो ते मग काय असतं?

मग सरांनी एक शेवटचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते त्या दुपारचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता : याचं पोर कुठे आहे? बारा बाणांच्या शार्कोझॅपला अंडं नव्हतं, पिल्लू नव्हतं. तो जन्मलाच मुळी एवढा. खऱ्या माशाची सुरुवात काही मिलिमीटरची असते, आणि त्या काही मिलिमीटरला तीनशे मीटरवर ना हवा, ना अन्न. म्हणजे आमच्या बोंबलाचं अंडं वर तरंगलं पाहिजे, पिल्लाला उजेडात, भरपूर हवेत, वेगळ्या तोंडाने, वेगळं काही खाऊन वाढलं पाहिजे, आणि मग एके दिवशी खाली उतरताना सगळं अंग बदललं पाहिजे. तीनशे मीटरसाठी मासा करा म्हटलं होतं. करायचे निघाले दोन.

बाई : तुम्हाला एक सांगू? जपान-तैवानच्या बाजूला बोंबलाच्याच प्रजातीतला एक भाऊ खोल पाण्यात राहतो. तुमचा मासा अर्धा आधीच कुणीतरी केला आहे.

सर : त्याला पोटाखाली उजेड आहे?

बाई : ते बघावं लागेल.

निकाल असा लागला की पहिला नंबर विभागून दिला, म्हणजे कुणाचंच समाधान झालं नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रकातून तिसरी ओळ काढायची यावर मात्र दोघांचं एकमत झालं. तिच्या जागी 'या माशाला काय जमत नाही ते लिहा' असं येणार, पाच गुणांना, आणि अंडं-पिल्लू दाखवलं तर वेगळे पाच. 'माशाचा पूर्वज कोण' याला किती गुण द्यायचे ते मात्र ठरलं नाही. बाई म्हणाल्या दोन, कारण पोरांना पूर्वज शोधायला साधन नाही. सर म्हणाले दहा, आणि साधन म्हणून प्रत्येकाने रविवारी मासळी बाजारात जाऊन एक मासा आतून-बाहेरून बघून यावा. शाकाहारी पोरांचं काय, हे बाईंनी विचारलं. सर म्हणाले, बघायला सांगतोय, खायला नाही. पत्रक अजून माझ्याकडेच पडून आहे, गुणांची जागा कोरी सोडून.